न सांगता शिकवणारा खेळ

उन्हाळ्याच्या सुट्टीत आर्वी तालुक्यातल्या एखाद्या गावी दुपारी पारावर जा. एका मोबाइलभोवती पाच-सहा पोट्टे दिसतील. नववीतल्या दादाचा अंगठा स्क्रीनवर सरसर फिरतो, तिसरीतला धाकटा विचारतो, "आता काय दाबू गा?" खेळातल्या सूचना इंग्रजीत. धाकट्याला त्या वाचता येत नाहीत आणि दादाला त्या नकोच असतात.

दोघांची अडचण मेंदूच्या एकाच मर्यादेतून येते. हातातलं काम करताना आपण ज्या तात्पुरत्या स्मृतीवर चालतो, तिच्यात एका वेळी साधारण चार गोष्टीच मावतात. बटण, शत्रू, नकाशा, वर सूचना: नवख्याची स्मृती एवढ्यानंच भरते. मुरलेल्याला हे सगळं मिळून एकच चित्र दिसतं. विल्यम चेस आणि हर्बर्ट सायमन या संशोधकांनी १९७३ मध्ये बुद्धिबळपटूंना खऱ्या डावातली मांडणी ५ सेकंद दाखवली. उस्तादानं ती नवख्यापेक्षा कितीतरी अचूक पुन्हा मांडली. मोहरे कसेही ठेवले, तेव्हा मात्र त्याची ही आघाडी जवळजवळ संपली. शिक्षणाच्या अभ्यासकांना पुढे असंही आढळलं, की नवख्याला तारणारी सूचना जाणत्याला मागे खेचते. आधीच ठाऊक असलेलं पुन्हा वाचण्यात त्याचं लक्ष खर्ची पडतं.

मग शिकवायचं कसं? १९८५ च्या 'सुपर मारिओ ब्रदर्स' या व्हिडिओ गेमचा पहिला टप्पा मला आजही याचं सर्वांत सुंदर उत्तर वाटतो. मारिओ डावीकडे उभा, उजवीकडे मोकळी जागा. म्हणजे पाय आपोआप उजवीकडे. समोरून एक शत्रू चालत येतो. त्याला धडकलात तर मराल, पण गमावलं काय? चार पावलं. दुसऱ्यांदा उडी मारता, आणि वरच्या ठोकळ्यातून अळंबी निघते. ती नळाला आपटून तुमच्याच दिशेनं परत येते, चुकवणं अवघड. ती लागताच मारिओ मोठा होतो, म्हणजे ही चांगली वस्तू. अक्षर वाचावं लागलं नाही! जाणता खेळाडू मात्र इथून धावत निघून जातो. पुढच्याच टप्प्यात त्याच्यासाठी छताच्या वरून एक गुप्त वाट आहे, थेट चौथ्या जगापर्यंत, म्हणजे टप्प्यांच्या चौथ्या गटापर्यंत नेणारी.

काही खेळ गुपचूप सोपे होतात. 'रेसिडेंट ईव्हिल ४' (२००५) तुम्ही वारंवार हरलात की न सांगता शत्रू सौम्य करतो. मला हे पटत नाही. लगोरीत लिंबूटिंबू कोण, हे सगळ्यांना ठाऊक असतं, म्हणूनच कुणाची फसवणूक होत नाही. 'सेलेस्ट' (२०१८) हा डोंगर चढण्याचा अतिशय कठीण खेळ तसाच उघड वागतो: हवं तर वेग कमी करा, हवं तर दमणं बंद करा. हे ज्यानं निवडलं त्याच्यापुरतंच लागू; बाकीच्यांचा डोंगर तेवढाच उभा राहतो.

आपल्याकडच्या खेळकर्त्यांनी मराठी मजकूर आणि मराठी आवाज आधी जोडावा. खेळातले शब्द आणि ध्वनी बहुधा वेगळ्या फाइलींत ठेवलेले असतात. तिथे भाषा वाढवताना दादाच्या कठीण पातळीला धक्काही लागत नाही.