पीठ लावलेली कोळंबी शुल्कात बसते का?

२०२५ च्या ऑगस्टअखेरीस अमेरिकेने भारतीय मालावरचे आयातशुल्क ५० टक्क्यांवर नेले आणि कोळंबी एकदम पहिल्या पानावर आली. साहजिकच होते. २०२३-२४ मध्ये भारतातून सुमारे ७ लाख १६ हजार टन गोठवलेली कोळंबी बाहेर गेली, त्यातली २ लाख ९७ हजार टनांहून जास्त एकट्या अमेरिकेने घेतली. पण त्या गदारोळात एक जुनी गोष्ट बाजूला राहिली. या कोळंबीवर आधीपासूनच दोन वेगळी शुल्के बसत होती. एक २००५ पासूनचे अँटी-डम्पिंग शुल्क आणि दुसरे डिसेंबर २०२४ मध्ये लागलेले काउंटरव्हेलिंग शुल्क, ज्याला व्यापारी नुसते सीव्हीडी म्हणतात.

ही दोन शुल्के नेहमीच्या आयातशुल्कासारखी सरसकट नसतात. परदेशी उत्पादक आपल्या घरच्या बाजारापेक्षा किंवा वाजवी मूल्यापेक्षा कमी दराने माल विकत असेल, तर तो फरक भरून काढायला अँटी-डम्पिंग. त्याच्या सरकारने त्याला अनुदान दिले असेल, तर ते निष्प्रभ करायला सीव्हीडी. दोन्ही ठरावीक देशातून येणाऱ्या ठरावीक मालावर लागतात. अमेरिकेत दराचा हिशेब वाणिज्य खाते करते, आणि स्थानिक उद्योगाला खरोखर इजा झाली का, हे आंतरराष्ट्रीय व्यापार आयोग ठरवतो. हे सगळे झाल्यावर मग खरी मेख उरते: बंदरावर उभ्या असलेल्या कंटेनरमधला माल ‘तो’ माल आहे का?

कायदे करणाऱ्यांना हा प्रश्न सुरुवातीला फारसा पडला नव्हता, कारण माल साधा होता. युरोपातले देश बीटच्या साखरेच्या निर्यातीवर बक्षिसी देत. अमेरिकेने १८९० मध्ये अशा साखरेवर जादा कर लावला आणि १८९७ मध्ये तोच नियम सगळ्या अनुदानित मालाला लागू केला. आपल्याकडेही कर्झनच्या काळात, १८९९ मध्ये, जर्मनी आणि ऑस्ट्रिया-हंगेरीच्या बीटसाखरेवर असे शुल्क बसले होते. म्हणजे सीव्हीडीशी हिंदुस्थानची ओळख सव्वाशे वर्षांची आहे, आणि तेव्हा ते लावणाऱ्यांत आपण होतो. अँटी-डम्पिंगचा पहिला कायदा कॅनडाने १९०४ मध्ये केला, अमेरिकेचा आजच्या व्यवस्थेशी नाते सांगणारा कायदा १९२१ चा. १९४७ च्या गॅट या आंतरराष्ट्रीय व्यापार करारातल्या सहाव्या कलमाने दोन्ही शुल्कांना आंतरराष्ट्रीय मान्यता दिली.

अमेरिकेत १९७९ च्या व्यापार करार कायद्यानंतर, १९८० च्या जानेवारीत हे काम अर्थखात्याकडून वाणिज्य खात्याकडे गेले. बदल कारकुनी वाटतो, पण परिणाम मोठा झाला. अर्थखाते या तक्रारींबाबत थंड असते, अशी उद्योगांची ओरड होती; वाणिज्य खात्याचा ओढा उद्योगांकडे. शुल्क लावणाऱ्या आदेशांची संख्या वाढली, आणि त्याबरोबर आदेशाच्या व्याप्तीवरचे, म्हणजे त्यात नेमका कोणता माल येतो यावरचे, वादही.

या वादांचा पाया घातला तो १९८३ च्या एका निकालाने. जपानहून येणाऱ्या सायकलच्या स्पीडोमीटरवर अँटी-डम्पिंग शुल्क होते, आणि एक विशिष्ट उपकरण त्यात धरायचे की नाही हा प्रश्न होता. न्यायालयाने सांगितले की आदेशाचे शब्द आणि चौकशीची जुनी कागदपत्रे यांतून उत्तर निघत नसेल तर पाच गोष्टी पाहा. मालाचे भौतिक गुणधर्म, शेवटच्या ग्राहकाची त्याच्याकडून अपेक्षा, त्याचा वापर, तो कोणत्या मार्गाने विकला जातो, आणि त्याची जाहिरात व मांडणी कशी होते. ही पाच सूत्रे आजही नियमांत जशीच्या तशी आहेत. यात मालाचा टॅरिफ कोड, म्हणजे कस्टमच्या यादीतला वर्गीकरणाचा आकडा, कुठेच नाही. अमेरिकेच्या प्रत्येक आदेशात शेवटी एक वाक्य असते, की कोड फक्त सोयीसाठी दिले आहेत, निर्णायक आहे ते लिखित वर्णन. आपल्याकडचे कितीतरी निर्यातदार अजूनही ‘आमचा कोड वेगळा आहे’ एवढ्या भरवशावर माल पाठवतात. तो भरवसा पोकळ आहे.

वर्णनाचे शब्द किती ताणले जातात हे पाहायचे तर चिनी मेणबत्त्यांकडे जावे. १९८६ चा आदेश पेट्रोलियम मेणाच्या मेणबत्त्यांवर होता आणि त्यात आकारांची यादीच दिली होती. पुढच्याच वर्षी ख्रिसमससारख्या सणांसाठी खास घडवलेल्या मेणबत्त्यांना सूट मिळाली. मग काय, प्रत्येक आयातदाराची मेणबत्ती सणाचीच निघू लागली. मेणबत्तीवरचे पान ख्रिसमसच्या सजावटीतल्या हॉली या झुडपाचे आहे की साधे, ते सगळ्या बाजूंनी दिसते की एकाच, यावर सरकारी अधिकाऱ्यांनी पानेच्या पाने लिहिली. शेवटी २०११ मध्ये खात्याने सणांची सूटच काढून टाकली. सुटल्या त्या वाढदिवसाच्या मेणबत्त्या आणि माणूस, प्राणी किंवा देव यांच्या आकृतीच्या मेणबत्त्या.

दरम्यान दुसरी पळवाट निघाली होती. आदेशात शब्द होता ‘पेट्रोलियम मेण’. मग उत्पादकांनी निम्म्याहून जास्त पाम तेलाचे मेण मिसळले. १९८८ च्या कायद्याने शुल्कचुकवेगिरीविरुद्ध वेगळी तरतूद केली होती, त्यात ‘नंतर विकसित झालेला माल’ असा एक वर्ग आहे. त्याचा आधार घेऊन २००६ मध्ये खात्याने मिश्र मेणाच्या मेणबत्त्याही आदेशात ओढल्या, आणि २०१० मध्ये अपील न्यायालयाने ते मान्य केले. पण याच न्यायालयाने २००२ मध्ये, बेल्जियमच्या उठावदार नक्षीच्या पोलादी पत्र्याच्या खटल्यात, खात्याला चांगलेच खडसावले होते: आदेशात जे लिहिलेलेच नाही ते अर्थ लावण्याच्या नावाखाली घालू नका. माझ्या मते या क्षेत्रातला सगळा इतिहास या दोन निकालांच्या मधल्या जागेत घडला आहे. शब्दांबाहेर जाता येत नाही, आणि शब्दांच्या कडेला उभे राहून सुटताही येत नाही.

आता कोळंबी. २००३ च्या ३१ डिसेंबरला अमेरिकेच्या दक्षिण किनाऱ्यावरच्या कोळंबी उद्योगाने ब्राझील, चीन, इक्वेडोर, भारत, थायलंड आणि व्हिएतनामविरुद्ध अर्ज दाखल केला. व्याप्तीचा पहिला मसुदा नेहमी अर्जदारच लिहितो, आणि हे या व्यवस्थेतले सगळ्यात दुर्लक्षित पण सगळ्यात मोठे हत्यार आहे. शिवाय तेव्हा जमा होणारे शुल्क अर्जदार उद्योगालाच वाटून देण्याचा २००० चा कायदा लागू होता (तो २००६ मध्ये रद्द झाला), म्हणजे व्याप्ती रुंद तर वाटपही मोठे. मसुदा त्यामुळे ऐसपैस होता: पकडलेली किंवा शेतीतली, डोक्यासकट किंवा बिनडोक्याची, कवचासह किंवा सोललेली, शेपूट ठेवलेली किंवा काढलेली, कच्ची किंवा शिजवलेली. डबाबंद कोळंबीही त्यात होती, पण ती वेगळी वस्तू आहे आणि तिच्यामुळे इजा होत नाही असे आयोगाने ठरवल्याने ती सुटली.

२००५ च्या १ फेब्रुवारीला आदेश निघाला. ज्या भारतीय निर्यातदारांची स्वतंत्र तपासणी झाली नव्हती त्यांच्यावर १०.१७ टक्के दर बसला. नुकतीच त्सुनामी येऊन गेली होती. तिच्यामुळे भारत आणि थायलंडवरचे शुल्क काढावे का, याचा आयोगाने वेगळा आढावा घेतला आणि ते कायम ठेवले.

आदेशातली वगळलेल्या वस्तूंची यादी मुळातून वाचण्यासारखी आहे. ब्रेडचा चुरा लावलेली कोळंबी बाहेर. थंड पाण्यातली कोळंबी बाहेर. ताजी, न गोठवलेली बाहेर. सुकट बाहेर. तयार जेवणातली बाहेर. आणि मधेच, नाव घेऊन, ली कुम की या हाँगकाँगच्या कंपनीचा कोळंबी सॉस बाहेर! एका शुल्क आदेशात एका कंपनीचा सॉस नावानिशी येतो, तेव्हा त्यामागे कुणीतरी वेळेवर अर्ज केलेला असतो एवढे समजावे. उलट मसाला, मॅरिनेड किंवा सॉस लावून गोठवलेली कोळंबी आतच, आणि तयार जेवण नसलेल्या खाद्यपदार्थात वजनाने २० टक्क्यांहून जास्त कोळंबी असेल तर तोही आत. तिखट-हळद लावले म्हणून शुल्क चुकत नाही.

सगळ्यात लांबला तो पिठाचा वाद. नुसते पीठ लावून गोठवलेली कोळंबी अंतिम निर्णयात वगळली गेली, पण तिची व्याख्या वाचली की ती लिहिणाऱ्यांच्या मनातला धाक कळतो. कोळंबी सोललेली हवी. पीठ तांदळाचे किंवा गव्हाचे, किमान ९५ टक्के शुद्ध. ते मांसाच्या सगळ्या पृष्ठभागावर नीट आणि सारखे बसलेले हवे. पीठ लावल्यावर आणि गोठवण्याआधी, एकूण वजनात कोळंबीखेरीजचा भाग ४ ते १० टक्के. आणि पीठ लावताच एकेक नग सुटा गोठवायचा, ज्याला या धंद्यात आयक्यूएफ म्हणतात. चार टक्क्यांपेक्षा कमी पीठ म्हणजे शुल्क चुकवण्यापुरती पांढरी पूड, असा हा हिशेब. एवढी कुंपणे घालूनही अर्जदारांचे समाधान झाले नाही. पीठ धुतले की खाली शुल्कपात्र कोळंबीच उरते, हे त्यांचे म्हणणे. प्रकरण व्यापार न्यायालयात गेले, खात्याकडे परत आले, आणि एप्रिल २०११ मध्ये आदेश दुरुस्त करून पीठ लावलेली कोळंबी शुल्काच्या आत घेतली गेली. गंमत अशी की तिची व्याख्या मात्र आदेशात तशीच राहिली. कारण अंडे किंवा दूध घातलेल्या बॅटरमध्ये बुडवून अर्धवट तळलेली कोळंबी अजूनही बाहेर आहे, आणि तिच्या व्याख्येची पहिली पायरी म्हणजे हेच पीठ. रवा लावलेल्या कोळंबीचे काय, हे कोकणातला कुणीही विचारेल. आदेशात रवा नाही. कुणी पाठवलीच तर त्याला अर्ज करून विचारावे लागेल.

जातींच्या यादीतही एक धडा आहे. आदेशात व्हॅनामी, टायगर आणि इतर कोळंबीची शास्त्रीय नावे दिली आहेत, पण ‘इत्यादी’च्या सुरात, मर्यादित यादी म्हणून नव्हे. २००५ मध्ये भारतातल्या तळ्यांत मुख्यतः टायगर होती. व्हॅनामीच्या शेतीला परवानगी मिळाली २००९ मध्ये. मग आंध्रपासून गुजरातपर्यंत आणि थोड्याफार प्रमाणात आपल्या कोकणातही तीच पसरली, आणि निर्यातीचा चेहरा पालटला. शुल्काला त्याने काही फरक पडला नाही, कारण जी जात आपण वाढवतच नव्हतो ती त्या वर्णनात आधीच लिहिलेली होती.

सीव्हीडीची कथा वेगळी. २०१३ मध्ये वाणिज्य खात्याने भारतीय कोळंबीला अनुदान मिळते असा निष्कर्ष काढला होता, पण आयोगाने इजा झाली नसल्याचे ठरवले आणि शुल्क लागलेच नाही. दहा वर्षांनी, ऑक्टोबर २०२३ मध्ये, नवा अर्ज आला. या वेळी आयोगाचा कौल उलटा पडला आणि बहुतेक भारतीय निर्यातदारांवर सुमारे ५.८ टक्के सीव्हीडी बसले.

हे दर ऐकायला लहान वाटतात. पण अमेरिकेची पद्धत अशी की आयातदार माल सोडवताना फक्त अनामत भरतो. खरा दर नंतरच्या वार्षिक आढाव्यात ठरतो आणि फरकाचे बिल मागाहून येते. या बिलांच्या हमीसाठी कोळंबीच्या आयातदारांकडून भारी रकमेचे बाँडही घेतले जात होते. त्याविरुद्ध भारत आणि थायलंड जागतिक व्यापार संघटनेत गेले आणि २००८ मध्ये निकाल त्यांच्या बाजूने लागला. सप्टेंबर २०२१ च्या नव्या नियमांनी व्याप्तीच्या प्रश्नाला आणखी धार आणली. एखादा माल आदेशात बसतो असे ठरले, तर ज्या जुन्या खेपांचा हिशेब अजून मिटलेला नाही त्यांनाही शुल्क लागू शकते. व्याप्तीचा अर्ज आता ठरावीक नमुन्यात करायचा, ३० दिवसांत तो नाकारला नाही तर स्वीकारला असे धरायचे, आणि निकाल १२० दिवसांत, फार तर ३०० दिवसांत. ज्याच्या मालाबाबत शंका आहे त्याने पहिली खेप पाठवण्याआधी हा अर्ज आपल्या आयातदाराकडून करून घ्यावा, हे मला सगळ्यात शहाणपणाचे वाटते. फारच थोडे जण ते करतात.

भारताच्या व्यवस्थेत हाच प्रश्न ‘विचाराधीन उत्पादन’ या नावाने येतो. १९७५ च्या कस्टम टॅरिफ कायद्यातली ९ आणि ९अ ही कलमे, १९९५ चे नियम, २०१८ पासून त्यांची अंमलबजावणी पाहणारे व्यापार उपाय महासंचालनालय, आणि शुल्काची अधिसूचना काढणारे अर्थमंत्रालय. न्हावाशेव्याला चिनी माल सोडवणाऱ्या कस्टम एजंटला अधिसूचनेतल्या मालाच्या वर्णनातले प्रत्येक विशेषण पाठ असते. २०१२ पासून आपल्याकडेही चुकवेगिरीविरुद्धचे नियम आहेत.

माल तोच, पण देश बदलला तर? २०१६ च्या कायद्याने अमेरिकेच्या सीमाशुल्क विभागाला शुल्कचुकवेगिरीची चौकशी करण्याचा वेगळा अधिकार दिला. त्याखाली व्हिएतनाममधल्या एका बड्या कोळंबी कंपनीवर आरोप झाला, की ती भारतातून गोठवलेली कोळंबी आणते, प्रक्रिया करते आणि व्हिएतनामची म्हणून अमेरिकेला पाठवते. ती कंपनी व्हिएतनामवरच्या अँटी-डम्पिंग आदेशातून २०१६ मध्येच सुटली होती. भारतीय कोळंबी मात्र सोलून, शिजवून, पुन्हा गोठवली तरी या आदेशापुरती भारतीयच मानली जाणार होती. ऑक्टोबर २०२० मध्ये विभागाने आरोप सिद्ध झाल्याचे जाहीर केले, आणि फेब्रुवारी २०२१ मध्ये फेरतपासणीत, पुरावा पुरेसा नाही म्हणून, तो निर्णय फिरवला. अमेरिकी कोळंबी उत्पादक त्याविरुद्ध पुन्हा न्यायालयात गेले.