गार भातावर गरम चहा

जपानमध्ये रात्री उशिरा भूक लागली, की भातावर गरम हिरवा चहा ओतून खातात. वर नोरीचे, म्हणजे वाळवलेल्या समुद्री शेवाळाच्या पापुद्र्याचे तुकडे, मिठात मुरवलेलं उमेबोशी हे आंबट फळ, नाहीतर खारवलेल्या माशाचा तुकडा. याला म्हणतात ओचाझुके. चहा-भात ऐकून आपलं तोंड वाकडं होतं, पण त्यात दूध-साखर नसते. चहाऐवजी दाशी हा पातळ रस्साही चालतो.

या पदार्थाचं मूळ शिळ्या भातात आहे. इडो काळात (१६०३ ते १८६८) शहरांतल्या बऱ्याच घरी भात दिवसातून एकदाच शिजे; इडोत (आजचं टोकियो) सकाळी, क्योटो-ओसाकाकडे दुपारी. पुढच्या जेवणाला उरे तो गार, कडक भात.

तो कडक का होतो? तांदूळ शिजताना त्यातले स्टार्चचे कण पाणी पिऊन फुगतात आणि आतली रेणूंची घट्ट बांधणी सुटते. भात निवला की हेच रेणू पुन्हा जवळ येऊन स्फटिकासारखे जुळू लागतात. मग शीत ताठ होतं. पाणी उडून गेल्यामुळे भात कडक होतो, हा समज अर्धवट आहे; झाकून ठेवलेला भातही कडक होतोच. ही जुळणी सर्वांत वेगाने होते ती गोठणबिंदूच्या जरा वर, म्हणजे नेमकी फ्रिजमध्ये. फ्रीझरमध्ये ती जवळपास थांबते.

स्टार्चमध्ये दोन प्रकारचे रेणू असतात. सरळसोट अमायलोज एकदा जुळलं की उकळत्या पाण्यालाही दाद देत नाही. फांद्याफांद्यांचं अमायलोपेक्टिन मात्र साधारण ६० अंश सेल्सिअसला पुन्हा सैल होतं. जपानी तांदळात अमायलोज कमी, साधारण २० टक्क्यांच्या आत, म्हणून वरून ओतलेल्या गरम चहानेही तो मऊ पडतो. आपल्याकडच्या मोकळा भात होणाऱ्या बहुतेक तांदळांत ते जास्त असतं.

इथे थोडं गणित करू. १५० ग्रॅम भात २५ अंशांवर असेल आणि त्यावर ९० अंशांचा १५० मिलिलिटर चहा ओतला, तर वाडग्यात जेमतेम ६० अंश मिळतात. तोच भात फ्रिजमधला, ५ अंशांचा असेल, तर गाडी पन्नाशीच्या आसपासच अडते. म्हणून फ्रिजमधला भात आधी गरम करून घ्यावा. दिवसभर ओट्यावर राहिलेला भात मात्र नकोच. बॅसिलस सेरियस या जिवाणूचे बीजाणू शिजवूनही टिकतात, आणि तो भातात जे वांतीकारक विष तयार करतो, ते चहाच काय, उकळल्यानेही जात नाही.

आता चवीकडे. दाशी बहुधा दोनच गोष्टींची: कोम्बू हे समुद्री शेवाळ आणि कात्सुओबुशी, म्हणजे शिजवून, धुरावून, वाळवलेल्या माशाच्या पातळ चकत्या. कोम्बूच्या चवीमागे ग्लुटामेट आहे, हे रसायनशास्त्रज्ञ किकुनाए इकेदा यांनी १९०८ मध्ये शोधलं आणि त्या चवीला उमामी हे नाव दिलं. १९१३ मध्ये त्यांचे शिष्य शिंतारो कोदामा यांना माशातलं इनोसिनेट सापडलं. हे दोन्ही एकत्र आले, की उमामी बेरजेने नव्हे, कित्येक पटींनी वाढते. नोरीत ही दोन्ही द्रव्यं असल्यामुळे नुसत्या चहावर चिमूटभर नोरीही बरंच काम करते. खरी मेख तीच, असं मला वाटतं. एरवी पांढरा भात आणि गरम पाणी कोण आवडीने खाईल?

नागोया शहरात हित्सुमाबुशी, म्हणजे भाजलेला ईल मासा घातलेला भात, खाताना एक वाटा दाशी ओतून खातात. झोसुईत भात रश्शातच शिजवतात, त्यामुळे शितं फुगून पेजेकडे झुकतात. ओचाझुकेत ती सुटी राहतात, म्हणून तो ओतल्या ओतल्या खायचा. मियाझाकीचं हियाजिरू उलट्या दिशेनं जातं. उन्हाळ्यात मिसो, भाजलेला मासा, काकडी आणि तीळ घातलेला थंडगार रस्सा भातावर ओततात. इथे रस्सा भाताला मऊ करू शकत नाही, त्यामुळे भात, बहुधा सातू मिसळलेला, गरमागरमच घेतात.