गुरूचे चंद्र आणि गुरूचे ट्रोजन

हरभऱ्याला पाणी द्यायचं आणि लाईन रात्रीची, म्हणजे विदर्भातल्या शेतकऱ्याला थंडीत आभाळ पाहायला वेळच वेळ. गुरू वर आलेला असेल आणि साधी दुर्बीण बंडीच्या दांडीला टेकवून धरली, तर त्याच्या आजूबाजूला एका ओळीत तीन-चार ठिपके दिसतात. आयो, युरोपा, गॅनिमिड आणि कॅलिस्टो हे त्याचे मोठे चंद्र. जानेवारी १६१० मध्ये गॅलिलिओने पाहिले ते हेच.

मग कुठेतरी वाचायला मिळतं की गुरूच्या कक्षेत हजारो लघुग्रह आहेत, त्यांना ट्रोजन म्हणतात. पुष्कळांचा समज होतो की हेही त्या ठिपक्यांचेच धाकटे भाऊ. तसं नाही.

हडंबा आल्यापासून खळ्यातली पात गेली, पण मेढीला बांधलेला बैल आठवा. तो मेढीभोवतीच फिरतो. तो चंद्र. ट्रोजन म्हणजे त्याच पांदणीने, त्याच चालीने, बरंच अंतर राखून पुढे चाललेली दुसरी बंडी. दोघांची वाट एक, पण ती बंडी आपल्या बंडीला बांधलेली नाही.

अंतर किती, ते बघा. कॅलिस्टो गुरूपासून सुमारे १९ लाख किलोमीटरवर आहे आणि १७ दिवसांच्या आत फेरी संपवतो. आयोला तर पावणेदोन दिवस पुरतात. ट्रोजन गुरूभोवती फिरतच नाहीत. ते सूर्याभोवती फिरतात, गुरूसारखेच, बारा वर्षांना थोडे कमी घेऊन. सूर्य, गुरू आणि ट्रोजनांचा कळप यांचा समभुज त्रिकोण होतो, म्हणून कळपापासून सूर्य जितका लांब, ढोबळमानाने तितकाच गुरूही लांब: सुमारे ७८ कोटी किलोमीटर!

कळप दोन आहेत, एक गुरूच्या ६० अंश पुढे आणि एक ६० अंश मागे. गुरूबळ पाहून लग्नं जुळवणाऱ्यांना गुरू कोणत्या राशीत आहे हे तोंडपाठ असतं. तिथून साधारण दोन राशी पुढे आणि दोन राशी मागे मोजा. (ट्रोजनांना पत्रिकेत घर दिलेलं नाही हे बरंच आहे. सापडलेलेच दहा हजारांवर आहेत.)

गुरूसारखा दांडगा ग्रह त्याच वाटेवर असताना हे दगड टिकतात कसे? गणितज्ञ लाग्रांज यांनी १७७२ मध्येच गणिताने दाखवलं होतं की या दोन जागा टिकाऊ आहेत. समजा, मागच्या कळपातला एक दगड सरकत गुरूच्या जवळ येऊ लागला. गुरू त्याला पुढे ओढतो. आता तो गुरूला जाऊन भिडणार असं वाटतं, पण होतं उलटंच. पुढे ओढल्याने त्याला ऊर्जा मिळते, त्याची कक्षा जरा बाहेर सरकते, आणि बाहेरच्या कक्षेत फेरीला जास्त वेळ लागतो. म्हणजे पुढे ओढलेला दगड मागे पडतो. फार मागे पडला की सूर्य-गुरूच्या ओढीचा हिशेब पालटतो, तो आतल्या बाजूला येतो आणि पुन्हा गुरूकडे सरकू लागतो. अशा एका हेलकाव्याला दीडशेच्या आसपास वर्षं लागतात. त्यामुळे कळप एका बिंदूवर दाटलेले नसतात, कक्षेवर लांबच लांब पसरलेले असतात.

लाग्रांज यांच्या गणिताला पहिला दगड मिळाला तो १९०६ मध्ये. जर्मनीतल्या हायडेलबर्गला खगोलशास्त्रज्ञ माक्स वोल्फ यांनी छायाचित्रांतून अकिलीस नावाचा ट्रोजन शोधला. दुर्बिणीतून ट्रोजन शोधत बसू नका. ते काळपट असतात, पडलेल्या प्रकाशातला जेमतेम पाच-सात टक्के परत पाठवतात. सगळ्यात मोठा हेक्टर सव्वादोनशे किलोमीटरच्या घरातला, पण तोही साध्या दुर्बिणीच्या आवाक्यात येत नाही.

गफलत होण्यासारखी खरी जागा वेगळीच आहे. गुरूचे बाहेरचे बारके चंद्र दोन कोटी किलोमीटर आणि त्याहून लांब, बरेचसे उलट्या दिशेने फिरतात. ते बहुधा पकडून आणलेले दगडच आहेत, आणि ट्रोजनही बहुधा दुसरीकडून येऊन अडकलेले. रंगरूपावरून दोघांत फरक करणं अवघड. तेव्हा एकच विचारायचं: फेरी कुणाभोवती?

ऑक्टोबर २०२१ मध्ये निघालेलं नासाचं ल्युसी यान ऑगस्ट २०२७ मध्ये पुढच्या कळपातल्या युरिबेटिसजवळून जाणार आहे. हा ट्रोजन गुरूचा चंद्र नाही, पण त्याला स्वतःचा एक चंद्र आहे, क्वेटा नावाचा.