हँडिकॅपची मर्यादा आणि उचललेला चेंडू : पार्श्वभूमी

जुलै-ऑगस्टमध्ये उत्तर कोकणातल्या गोल्फच्या मैदानांवर अठरा होलांची फेरी पाच तासांच्या पुढे गेली, की दोष हमखास मोठ्या हँडिकॅपच्या, म्हणजे एकूण फटक्यांतून जास्त फटक्यांची सवलत वजा होणाऱ्या खेळाडूंवर येतो. 2020 साली लागू झालेल्या जागतिक हँडिकॅप पद्धतीने कमाल हँडिकॅप 54 वर नेला, त्यामुळे कच्चे खेळाडू मैदानावर आले आणि त्यामुळे खेळ रेंगाळला, अशी ही तक्रार असते. प्रस्तुत टिपणाचा रोख तिच्यातल्या मधल्या दुव्यावर आहे.

सवलतीची कल्पना आपल्याकडे परकी नाही. लगोरीत धाकट्या भावंडाला ‘कच्चा लिंबू’ म्हणून घेतात. तो खेळतो, पण त्याचे बाद होणे धरले जात नाही. हँडिकॅप याच्या उलट वाटेने आला. टोपीत हात घालून होणाऱ्या पैजेतून हा शब्द इंग्लंडातल्या घोड्यांच्या शर्यतींत आणि तिथून गोल्फमध्ये शिरला. इथे प्रत्येक फटका मोजायचा आणि वजाबाकी शेवटी करायची. ब्रिटनमध्ये महिला खेळाडूंनी 1890 च्या दशकात आणि अमेरिकेतील संघटनेने 1911 मध्ये आपापली पद्धत बसवली. पुढे जगात एकूण सहा पद्धती नांदत होत्या. त्या 2020 मध्ये एकत्र आल्या आणि शेवटच्या 20 फेऱ्यांतील उत्तम 8 फेऱ्यांची सरासरी हा सर्वांचा पाया ठरला.

वाद झाला तो 54 या आकड्यावर. अमेरिकेत त्याआधी पुरुषांसाठी 36.4 आणि महिलांसाठी 40.4 ही मर्यादा होती, त्यामुळे ही उडी मोठी भासली. मात्र त्याच वेळी झालेला दुसरा बदल वेगाच्या दृष्टीने अधिक महत्त्वाचा होता आणि त्याची चर्चा फारच कमी झाली. हँडिकॅपसाठी एका होलवर जास्तीत जास्त किती फटके धरायचे, याचा हिशेबच बदलला. जुन्या अमेरिकी पद्धतीत 30 ते 39 हँडिकॅपच्या खेळाडूला कोणत्याही होलवर 9 पर्यंत फटके मांडता येत, मग तो होल पार तीनचा, म्हणजे निष्णात खेळाडूने तीन फटक्यांत संपवावा असा, का असेना. नव्या पद्धतीत पार, अधिक दोन, अधिक त्या होलवर मिळणारी सवलत, एवढीच कमाल मर्यादा आहे. सवलतीचे फटके होलांवर अवघडपणाच्या क्रमाने वाटले जातात. त्या मैदानापुरता हँडिकॅप 30 असलेल्या खेळाडूला पार तीनच्या सोप्या होलवर एक फटका सवलतीचा मिळतो, म्हणजे मर्यादा 6. पूर्वीपेक्षा तीन फटके कमी. पार पाचच्या अवघड होलवर दोन मिळतात आणि मर्यादा पूर्वीइतकीच, 9 राहते. म्हणजे बचत सगळीकडे सारखी नाही, पण छोट्या होलवर, जिथे मागची चौकडी टीवर, म्हणजे होलच्या सुरुवातीच्या जागी, ताटकळत उभी असते, तिथे ती नेमकी होते. कच्च्या लिंबाचा नियम खऱ्या अर्थाने इथे लागू झाला : मर्यादेपुढचे फटके धरलेच जात नाहीत.

अर्थात मर्यादा गाठल्यावर होल तिथेच सोडून चेंडू उचलला तरच ही बचत हाती लागते. पावसात रायगडच्या एका मैदानावर पाहिलेला प्रसंग असा : पार चारचा अवघड होल, निवृत्त गृहस्थ, हँडिकॅप तीसच. पाचवा फटका चिखलात रुतला. रुतलेल्या चेंडूला दंडाविना सवलत आहे, पण आधी तो सापडायला हवा, आणि शोधण्याची मुदत 2019 पासून पाचऐवजी तीन मिनिटांची आहे. चेंडू सापडला, आठवा फटका ग्रीनच्या, म्हणजे होलाभोवतीच्या गुळगुळीत हिरवळीच्या, काठावर थांबला. “काका, आठ झाले, उचला आता,” सोबतचा तरुण म्हणाला. काकांनी आणखी तीन फटके मारून चेंडू होलात घातलाच. कार्डावर 11 लिहिले गेले आणि हँडिकॅपच्या हिशेबात त्याचे 8 झाले.

काकांची बाजूही निखालस चुकीची नव्हती, कारण त्या दिवशी फटके मोजण्याची साधी स्पर्धा होती. तिच्यात चेंडू होलात न घालता पुढच्या टीवरून खेळ सुरू केला की खेळाडू बाद होतो. हँडिकॅपची मर्यादा आणि स्पर्धेचा नियम या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. या पेचावरचा उपाय जुना आहे. इंग्लंडातल्या वॉलेसी इथे 1932 मध्ये एका डॉक्टरांच्या गुणपद्धतीने पहिली स्पर्धा झाली. तिच्यात प्रत्येक होलवर फटक्यांनुसार गुण मिळतात, आणि गुण मिळण्याची शक्यता संपली की चेंडू खिशात टाकून पुढे जाता येते. 2019 च्या नियमांनी कमाल धावसंख्येचा, म्हणजे एका होलवर ठरलेल्या मर्यादेपुढचे फटके न धरण्याचा, स्वतंत्र प्रकारही अधिकृतपणे दिला. तरीही मासिक स्पर्धेला जुनाच प्रकार ठेवायचा आणि मागाहून 54 ला नावे ठेवायची, हे प्रस्तुत लेखकाला पटत नाही. आयोजकांनी प्रकार बदलला असता, तर काकांना आठव्या फटक्यानंतर बाद होण्याची धास्ती राहिली नसती.

2024 च्या सुधारणेने पावसाळ्यापुरती आणखी एक वाट मोकळी केली. पूर्वी नऊ होलांची फेरी दुसऱ्या नऊ होलांच्या फेरीची जोड मिळेपर्यंत पडून राहत असे. आता उरलेल्या नऊंची अपेक्षित धावसंख्या धरून ती लगेच हिशेबात घेतली जाते. दुपारी सरी वाढल्या की नवव्या ग्रीनवरून थेट चहाकडे वळणाऱ्यांचे कार्डही त्यामुळे त्याच संध्याकाळी भरता येते.