रात्रीचं दूध पहाटेवर ढकलताना

बारशाला आलेली प्रत्येक मावशी-काकू पाळण्यात डोकावते आणि बाळाच्या आईला विचारते, "रात्री झोपतं का गं?" बाराव्या दिवशी या प्रश्नाचं प्रामाणिक उत्तर 'नाही' हेच असतं. एवढ्याशा जिवाचं पोट लहान, त्यात आईचं दूध डब्याच्या दुधापेक्षा लवकर पचतं. चोवीस तासांत आठ ते बारा वेळा पाजावं लागणं ही या वयातली नेहमीची गोष्ट. शिवाय दिवस कुठला आणि रात्र कुठली, हे बाळाला अजून ठाऊकच नसतं. पोटात असताना आईचं मेलाटोनिन, म्हणजे अंधार पडल्याचा निरोप देणारं संप्रेरक, त्याला वारेतून मिळत होतं. नाळ कापली की तो निरोप बंद. स्वतःचं मेलाटोनिन रोज रात्री लयीत तयार व्हायला साधारण दोन-तीन महिने जातात.

मधल्या काळात तो निरोप दुधातून येतो. रात्रीच्या दुधात मेलाटोनिन असतं, दिवसाच्या दुधात ते जवळजवळ नसतंच. दूध काढून ठेवणाऱ्या आयांनी बाटलीवर तारखेसोबत वेळही लिहावी, ती याचसाठी. रात्री दोनला काढलेलं दूध सकाळी दहाला पाजण्यापेक्षा रात्रीच पाजलेलं बरं.

मग अंगावर पिणाऱ्या बाळाची रात्र लांबवता येते की नाही? १९९३ साली अमेरिकेत तेरेसा पिनिया आणि लीआन बर्च यांनी हे करून पाहिलं. पहिलटकरणींची २६ बाळं, सगळी अंगावर पिणारी. निम्म्या घरांना तीन गोष्टी सांगितल्या. रात्री दहा ते बाराच्या दरम्यान बाळाला एकदा नीट पाजायचं. त्यानंतर मध्यरात्री ते उठलं की लगेच छातीशी न घेता आधी दुपटं सारखं करायचं, लंगोट बदलायचा, खांद्यावर घेऊन फेऱ्या मारायच्या आणि दोन पाजण्यांमधलं अंतर हळूहळू वाढवायचं. तिसरं, दिवस आणि रात्र यांतला फरक बाळाला ठळकपणे जाणवू द्यायचा.

आठव्या आठवड्यात या गटातली सगळीच्या सगळी बाळं रात्रभर झोपत होती. दुसऱ्या गटात हे प्रमाण होतं २३ टक्के. इथे एक बारीक अट वाचायला हवी. 'रात्रभर' म्हणजे मध्यरात्रीपासून पहाटे पाचपर्यंत. अकरा ते सातचं स्वप्न पाहणाऱ्यांची थोडी निराशा होईल, पण दोन महिन्यांच्या बाळाकडून सलग पाच तास मिळाले तर कुठलीही बाळंतीण ते आनंदाने घेईल.

मला यातला सर्वांत महत्त्वाचा आकडा झोपेचा नाही, दुधाचा वाटतो. दोन्ही गटांतली बाळं चोवीस तासांत प्यायलेलं दूध सारखंच भरलं. मध्यरात्री न मिळालेलं दूध ती पहाटे जास्त पिऊन भरून काढत होती. दूध कमी झालं नाही, घड्याळात पुढे सरकलं. "रात्री पाजलं नाही तर बाळ उपाशी राहील" ही आजीची धास्ती आणि "रात्री मागतंय म्हणजे तुझं दूध पुरत नाही" हा शेजारणीचा निष्कर्ष, दोन्हींना हे उत्तर आहे.

बाळाच्या झोपेचं एक आवर्तन साधारण तासाभराचं असतं, मोठ्यांचं दीड तासाचं. आवर्तन संपताना थोडी जाग सगळ्यांनाच येते. आपण पांघरूण ओढून कूस बदलतो आणि सकाळी ते आठवतही नाही. बाळही तेव्हा चुळबुळतं, कण्हतं, हात चोखतं. प्रत्येक चुळबुळीला छातीशी घेतलं, तर जाग आणि दूध यांची गाठ पक्की होते. म्हणून मिनिटभर थांबून बघणं हा या विद्येतला पहिला धडा. दुसरा धडा बाबांसाठी. मधल्या जागेला त्यांनी उठावं. त्यांच्या अंगाला दुधाचा वास नसतो, त्यामुळे त्यांच्या थोपटण्याने बाळ झोपलं तर भूक नव्हती हे कळतं. नाही झोपलं, रडू वाढलं, तर मुकाट्याने पाजावं. रडवून झोपवण्याचा हा प्रयोगच नव्हे.

फक्त घाई नको. जन्माचं वजन भरून येऊन पुढे नीट वाढत नाही, दिवसाला सहा-सात लंगोट ओले होत नाहीत, तोवर रात्रीचं पाजणं लांबवू नये. कमी वजनाच्या किंवा दिवसांआधी जन्मलेल्या बाळांसाठी तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय नाहीच. दुपट्यात गुंडाळलेलं बाळ पाठीवरच झोपवावं, ते कुशीवर वळायला लागलं की गुंडाळणं बंद करावं, आणि आपल्या मे महिन्यात तर ते नकोच. 'शांत झोप लागते' म्हणून गुटीत मधाचं बोट चाटवायचा मोह वर्षभर टाळावा. मधातल्या जीवाणूंच्या बीजाणूंपासून बोटुलिझम, म्हणजे स्नायू लुळे पाडणारा गंभीर आजार, होऊ शकतो. एके काळी मुंबईच्या गिरण्यांत कामाला जाणाऱ्या बायका बाळांना अफूची गोळी देऊन झोपवत, त्यांच्यापुढे निदान पर्याय नव्हता.

आणि एवढं करूनही बाळ उठलं तर? २०१८ मध्ये कॅनडातल्या एका अभ्यासात सहा महिन्यांची ३८ टक्के बाळं सलग सहा तास झोपत नव्हती, वर्षाची झाल्यावरही २८ टक्के. त्यांचा विकास आणि त्यांच्या आयांची मनःस्थिती इतरांपेक्षा वाईट आढळली नाही. अमेरिकेतल्या त्या प्रयोगात बाळं २६च होती, हेही विसरू नये.

राहिला आईच्या शरीराचा भाग. एकदम एक पाजणं तोडलं तर छाती दगडासारखी घट्ट होते, ताप येऊ शकतो. अंतर दर दोन-चार दिवसांनी थोडं थोडं वाढवलं तर दूध आपोआप जुळवून घेतं. दुसरी गोष्ट बाळ झोपू लागल्याच्या आनंदात सहसा कुणी सांगत नाही. केवळ अंगावर पाजल्याने पाळी लांबते आणि दिवस जात नाहीत, हे खरं आहे, पण बाळ सहा महिन्यांच्या आतलं असेल, पाळी परत आली नसेल, वरचं काही दिलं जात नसेल आणि दिवसा चार, रात्री सहा तासांहून मोठा खंड पडत नसेल तरच. बाळ दहाला झोपून पाचला उठायला लागलं की हा भरवसा संपतो. त्या आठवड्यात डॉक्टरांकडे जाऊन दुसरी सोय विचारून घ्यावी.