गार्सिया द ओर्ता की क्रिस्तोव्हाव द कोश्ता?

भारतीय औषधी वनस्पतींवर युरोपीयांनी काय लिहिलं, हा विषय निघाला की ‘गोव्यातला तो पोर्तुगीज डॉक्टर’ हटकून येतो. गोची अशी की असे डॉक्टर दोन होते. दोघंही सोळाव्या शतकातले, दोघांचीही पुस्तकं इथल्या औषधांवर, आणि दुसऱ्याच्या पुस्तकातला बराच मजकूर पहिल्याकडून घेतलेला. मग एकाच्या पुस्तकातलं चित्र दुसऱ्याच्या नावावर खुशाल खपतं.

पहिला गार्सिया द ओर्ता. मार्तिम आफोन्सो द सौझा या पोर्तुगीज आरमारी सरदाराबरोबर तो १५३४ मध्ये भारतात आला आणि १५६८ मध्ये गोव्यातच वारला. मायदेशी परत गेलाच नाही. अहमदनगरच्या बुऱ्हाण निजामशहाकडे वैद्य म्हणून त्याचं जाणं-येणं होतं. तिथल्या हकिमांकडून त्याला बरंच कळलं. मुंबई बेट तर त्याच्याकडे पट्ट्यानं होतं. तिथला आपला एक आंबा वर्षातून दोनदा फळतो, हे तो कौतुकानं सांगतो.

त्याचं पुस्तक १५६३ मध्ये गोव्यातच, पोर्तुगीजमध्ये छापलं गेलं. सगळं पुस्तक संवादांत आहे. रुआनो नावाचा काल्पनिक पाहुणा वैद्य ग्रीक-अरबी ग्रंथांचे दाखले देत राहतो आणि ओर्ता स्वतः पाहिलेलं-ऐकलेलं पुढे करून ते खोडतो. मध्येच मोलकरीण आत-बाहेर करते, गप्पा भलतीकडे वळतात. मला तरी त्यातलं हे विषयांतरच सगळ्यात वाचनीय वाटतं. छपाई मात्र इतकी गचाळ की शुद्धिपत्रालाच कित्येक पानं लागली. आणि चित्र एकही नाही!

ओर्ताचे आईवडील मूळचे ज्यू, सक्तीनं ख्रिस्ती झालेले. तो जिवंत असेतो त्याला कोणी हात लावला नाही. १५६९ मध्ये इन्क्विझिशननं, म्हणजे चर्चच्या धर्मन्यायालयानं, त्याची बहीण कातारिना हिला जाळलं, आणि १५८० मध्ये त्याचीही हाडं उकरून जाळली. आज पणजीत त्याच्या नावाची बाग आहे.

दुसरा क्रिस्तोव्हाव द कोश्ता, स्पॅनिश वळणानं क्रिस्तोबाल आकोस्ता. जन्म आफ्रिकेतला असावा. स्वतःला तो ‘आफ्रिकन’ म्हणवतो. आधी शिपाई म्हणून भारतात येऊन गेला. १५६८ मध्ये व्हाइसरॉय लुईश द आताईद याच्याबरोबर पुन्हा आला, तेव्हा ओर्ता नुकताच गेला होता. कोचीनच्या इस्पितळात काम करून १५७२ मध्ये तो परतला, आणि स्पेनमधल्या बुर्गोस शहरी वैद्यकी करताना १५७८ मध्ये त्यानं पुस्तक काढलं. स्पॅनिशमध्ये, संवाद गाळून, झाडांची चित्रं घालून. वर हत्तीवर एक वेगळं प्रकरण, तेही सचित्र.

मग ही उचलेगिरी म्हणायची का? मी म्हणणार नाही. त्यानं ओर्ताचं नाव घेऊन ऋण मान्य केलंय, उणिवाही दाखवल्यात, आणि मुळात नसलेली चित्रं पुरवलीत. पण हकिमांशी, वैद्यांशी वर्षानुवर्षं घातलेला वाद त्याच्याकडे नाही. चार वर्षांत तो कुठून येणार?

गोंधळ वाढवला क्लुसियस या वनस्पतिशास्त्रज्ञानं. १५६७ मध्ये त्यानं ओर्ताचा लॅटिन संक्षेप केला, त्यात संवादच काढून टाकले. १५८२ मध्ये कोश्तालाही तसंच आटोपशीर केलं. १६०५ मध्ये तर दोघं एकाच ग्रंथात शेजारी-शेजारी आले. युरोपानं त्यांना प्रामुख्यानं याच रूपात वाचलं.

तेव्हा रुआनो बोलताना दिसला की तो ओर्ता, आणि मिरीच्या वेलाचं जुनं चित्र ‘ओर्ता, १५६३’ अशा ओळीखाली दिसलं तर ती ओळ चूक. नुसतं ‘आकोस्ता’ लिहिलं असेल तर आणखी एक खातरजमा करावी. होसे दे आकोस्ता नावाचा एक जेझुइट पाद्रीही त्याच शतकात होऊन गेला. त्याचं १५९० चं पुस्तक अमेरिकेच्या निसर्गावर आहे, आणि भारताशी त्याचा काही संबंध नाही.