छत्री उघडली, पण उतरणार कुठे?

विमानातून पॅराशूटने माणसं किंवा रसद उतरवायची म्हटलं की सगळ्यांचं लक्ष छत्रीकडे जातं. ती उघडतेच हो, बहुतेक वेळा. खरी डोकेदुखी वाऱ्याची.

छत्रीशिवाय पडणाऱ्या माणसाचा वेग ताशी सुमारे २०० किलोमीटरवर जाऊन स्थिरावतो. सैनिकी गोल छत्री तो सेकंदाला ६ मीटरच्या आसपास आणते. हा धक्काही पावणेदोन-दोन मीटर उंचीवरून उडी मारल्याइतका असतो, म्हणून छत्रीधारी सैनिक पाय जुळवून उतरतो आणि लगेच कुशीवर लोळण घेतो.

आता हिशेब बघा. ३०० मीटरवर उघडलेली छत्री ५० सेकंद हवेत राहते. वारा सेकंदाला ७ मीटर असेल तर ती ३५० मीटर वाहवत जाते. तीच ३,००० मीटरवर उघडली, तर साडेतीन किलोमीटर! छत्री मोठी केली तर आणखी वाईट: वेग निम्मा करायला चौपट कापड लागतं आणि वाहत जाण्याचं अंतर दुप्पट होतं. म्हणजे अलगद उतरणं आणि नेमकं उतरणं यांचं मुळातच वाकडं.

याची किंमत फ्रेंचांनी १९५४ मध्ये व्हिएतनाममधल्या दिएन बिएन फू या शत्रूने वेढलेल्या आपल्या तळावर मोजली. विमानविरोधी तोफांमुळे विमानांना उंचावरून रसद टाकावी लागली, त्यात वेढा रोज आवळत होता. परिणामी तोफगोळ्यांसकट बरंच सामान थेट शत्रूच्या हाती पडलं. छत्र्या उशिरा उघडण्याची सोय करून पाहिली, तरी वेढ्यातली जागाच इतकी आक्रसली होती की तिचा उपयोग मर्यादितच राहिला.

जड सामानाला लोळण घेता येत नाही. त्यामुळे गाडी किंवा तोफ ज्या फळीवर बांधतात, तिच्यावर सामानाखाली मधमाश्यांच्या पोळ्यासारख्या पोकळ घरांच्या पुठ्ठ्याचे थर रचतात. सेकंदाला ८ मीटर वेगाने आदळलेलं ओझं १ सेंटिमीटरमध्ये थांबलं तर गुरुत्वाकर्षणाच्या सुमारे ३२५ पट झटका बसतो. पुठ्ठा चुरगळत १६ सेंटिमीटरमध्ये थांबवतो तेव्हा तो २० पटींवर येतो. स्प्रिंग इथे कुचकामी, कारण ती ओझं परत उसळवते. चुरगळलेला पुठ्ठा मात्र गप पडून राहतो.

वाऱ्यावर आजचा उतारा म्हणजे पंखासारखी आयताकृती छत्री. तिच्या दोऱ्या जीपीएसच्या आधारे संगणक ओढतो. आधी एक छोटं उपकरण खाली सोडून वेगवेगळ्या उंचीवरचा वारा मोजतात, मग मार्ग ठरतो. विमान तोफांच्या माऱ्याबाहेर, उंचावरच राहू शकतं. फक्त ही यंत्रणा महाग असल्याने, सामान उतरल्यावर ती गोळा करून परत पाठवण्याचं काम खालच्यांच्या गळ्यात पडतं.